नाव न घेण्याचा नियम

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. कॉलेजात त्यांना तोंडावर खेळाच्या बाई म्हणतात आणि पाठ वळली की फेरीवाल्या बाई. विकत काही नाहीत त्या. पण मुलींना मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, म्हणून हे नाव. बाईंना ते चांगलं ठाऊक आहे. एकदा एका मुलीच्या तोंडून समोरच निसटलं, तर म्हणाल्या, "फेरीवाली ना? मग घे, पाच ताज्या आहेत." मुलगी पाच फेऱ्या धावली. आणि तिच्यामागून व्हॉलीबॉल संघातल्या उरलेल्या अकरा जणीही धावल्या, ज्यांनी ब्रसुद्धा काढला नव्हता.

हा बाईंचा नियम. एकीची चूक, सगळ्यांच्या फेऱ्या. चूक कोणाची हे विचारायचं नाही, सांगायचं तर मुळीच नाही. जी दुसरीकडे बोट दाखवील तिला दुप्पट. एकदा फेऱ्या झाल्या की चूक संपली, तिचा उच्चार करायचा नाही. घरोघरी मातीच्या चुली असतात म्हणतात, पण बाईंच्या संघात सगळ्यांची मिळून एकच चूल होती आणि तिच्यातला धूर कधी बाहेर आला नाही.

हा नियम आला कुठून, तेही सांगतो. तरुणपणी बाई स्वतः बऱ्या खेळायच्या. ("बऱ्या म्हणजे कसल्या? गुडघा तेवढा सुजवून आणला," इति त्यांच्या सासूबाई.) एका मोठ्या सामन्यात चेंडू बाई आणि आणखी एकीच्या मधे पडला. दोघींपैकी कोणीही घेऊ शकली असती. पण शिट्टी वाजायच्या आत उरलेल्या पाचही जणींची बोटं बाईंकडे वळली. बाई बाहेर बसल्या. पुढे गुडघा गेला आणि खेळ संपला. गुडघ्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. त्या पाच बोटांबद्दल मात्र अजून बोलतात. आपल्या हाताखालच्या मुलींना कधी कुणाकडे बोट दाखवू द्यायचं नाही, अशी त्यांनी तिथंच शपथ घेतली असावी. शपथ चांगली होती. चांगल्या शपथाच माणसाला जास्त गोत्यात आणतात. वाईट शपथा आपण वेळेवर मोडतो तरी.

एवढं सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर माझे दोन बातमीदार आहेत. एक बाईंचा नवरा. तो चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. घरी आला की त्याला वाचायचं काही नसतं, नुसतं ऐकायचं असतं. ते ऐकलेलं तो माझ्याकडे चहाला येऊन रिकामं करतो. दुसरा कॉलेजचा शिपाई. देवानं त्याला कान दिले आणि प्राचार्यांनी दाराबाहेर स्टूल दिलं. अशा माणसाची ओळख ठेवणाऱ्याला वर्तमानपत्राची गरज पडत नाही.

तर बाईंची नोकरी हंगामी. हंगामी म्हणजे दर वर्षी घटस्फोट आणि दर वर्षी नवं लग्न. वर्ष संपलं की "तुमच्या सेवा संपुष्टात येत आहेत" आणि नवीन वर्ष लागलं की "तुमची नेमणूक करण्यात येत आहे." मधल्या काळात बाई जिन्यात भेटल्या की कुमारिकेसारख्या खाली मान घालून जायच्या. प्राचार्य माणूस गोड. इतका गोड की त्यांच्या खोलीतून बाहेर पडलेल्याला आपलं काम झालं नाही हे जिना उतरल्यावर कळतं. ते दर वर्षी म्हणायचे, "बाई, एकदा आंतरमहाविद्यालयीन चषक आणा, मग तुमचं कायम नेमणुकीचं प्रकरण मी स्वतः वर नेतो." चषक काही येत नव्हता आणि प्रकरण काही वर जात नव्हतं.

त्या वर्षी मात्र संघ खरंच जमला होता. कप्तान अशी की तिनं मारलेला चेंडू समोरच्या मुली अडवायच्या ऐवजी चुकवायच्या. तिला चेंडू उचलून देणारी एक लिफ्टर, बारीक, गप्प, पण बोटांत जादू. तिसरी जाळीजवळ उभी राहायची. तिला सगळे मनोरा म्हणत. या तिघी म्हणजे संघ, बाकीच्या गर्दी. आणि गर्दीतही अगदी शेवटी, बाकावरची धाकटी.

राखीव खेळाडूंत जी सगळ्यांत नवी, तिनं बाटल्या सांभाळायच्या, ही त्या संघाची जुनी रीत. बारा बाटल्या भरायच्या, विश्रांतीला हातात द्यायच्या, सामना संपला की एकूण एक गोळा करून पिशवीत घालायच्या. एक बाटली राहिली तरी फेऱ्या. धाकटीच्या कारकिर्दीत एकही राहिली नाही. ती खेळायलाही वाईट नव्हती, पण तिला खेळायला मिळो न मिळो, संघात असणं हीच तिची कमाई होती. संघात नाव म्हणजे फी माफ आणि वसतिगृहात खाट फुकट. नाव गेलं की दोन्ही गेलं. घरी आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करणारी. वडील गोदामात माल उतरवायचे आणि उतरवता उतरवता घशाखालीही बरंच उतरवायचे. आई मुकादमाला निरोप पाठवायची, "त्यांना ताप आहे." आठवड्यातून दोनदा ताप येणारा माणूस अजून कामावर कसा, असं मुकादमानं विचारलं नाही, तोही त्याच तापानं आजारी असायचा.

उपांत्य सामना दुसऱ्या गावी होता. तो संघानं जिंकला. आणि जिंकल्यावर जे व्हायचं ते झालं. लॉजच्या गच्चीवर कप्तान, लिफ्टर आणि मनोरा, तिघी बिअरच्या बाटल्या घेऊन बसल्या. आणल्या कोणी, हे शिपायालासुद्धा कळलेलं नाही, म्हणजे ते खरंच गुपित असलं पाहिजे. तिघींनाही सवय नव्हती. लिफ्टर रडायला लागली, मनोरा आडवा झाला आणि कप्तानला उलट्या सुरू झाल्या.

आता काय करायचं, हे बाकीच्या मुलींना कुठलं माहीत? त्या पदराखाली वाढलेल्या. एकीनं लिंबू शोधलं, दुसरीनं देवाचं नाव घेतलं. धाकटीनं मात्र दोघींना बाजूला केलं, कप्तानला कुशीवर वळवलं, केस मागे बांधले, बादली आणली, फरशी पुसली, तोंड पुसलं आणि शेजारी बसून राहिली. तिच्याइतका सराव त्या संघात कोणालाच नव्हता. पिणाऱ्या घरात पोरं दुसरं काही शिकोत न शिकोत, परिचारिका मात्र होतात.

सकाळी लवकर उठून तिनं गच्चीवरच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. कोणी सांगितलं नव्हतं. बाटल्या मागे ठेवायच्या नाहीत, एवढंच तिला माहीत. वाजू नयेत म्हणून एकेक बाटली नीकॅपमध्ये गुंडाळली आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरायला लागली. नीकॅप पुरले नाहीत. शेवटच्या वळणावर दोन बाटल्या एकमेकींशी बोलल्या आणि खालून वर येणाऱ्या लॉजच्या मॅनेजरनं ते संभाषण ऐकलं.

"पिशवीत काय आहे?"

"बाटल्या."

"कसल्या?"

"संघाच्या."

मॅनेजरनं पिशवी उघडली आणि बोंब मारली. बाई दात घासता घासताच धावत आल्या. बाराही मुली ओळीत उभ्या राहिल्या. बाईंनी धाकटीजवळ जाऊन तिच्या तोंडाचा वास घेतला. टूथपेस्टचा होता. मग कप्तानकडे पाहिलं. वास घ्यायची गरज नव्हती, डोळेच बोलत होते.

आणि इथं बाईंनी ती चूक केली जी दुसऱ्या कुठल्याच शिक्षिकेनं केली नसती. दुसरीनं नावं विचारली असती, आरडाओरडा केला असता, घरी कळवलं असतं. बाईंनी लॉजच्या मागच्या अंगणाकडे हात केला. कप्तान धावायला लागली. तिच्यामागे लिफ्टर, मनोरा, आणि ज्या झोपल्या होत्या त्याही. धाकटीही धावली. मनोरा मधे एकदा भिंत धरून थांबला, पण पुरा धावला. फेऱ्या संपल्या, बाईंनी हात झटकले. त्यांच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं.

परतीच्या बसमध्ये कप्तान येऊन बाईंच्या शेजारी बसली. "बाई, आम्ही तिघी होतो."

"मी विचारलं?"

"नाही, पण..."

"मग जागेवर जाऊन बस."

बाईंना वाटत होतं, नियम पाळला. त्यांना हे माहीत नव्हतं की त्या फेऱ्या चालू असताना मॅनेजरनं कॉलेजात फोन लावला होता. खोल्या कॉलेजच्या नावावर होत्या ना.

बस कॉलेजच्या दारात लागली तेव्हा शिपाई स्टुलावर नव्हता, फाटकाशी उभा होता. म्हणजे बातमी केवढी असेल ते समजा.

शिस्त समिती बसली. प्राचार्य मधे. एका बाजूला वसतिगृहाच्या ताई, दुसऱ्या बाजूला रसायनशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना विद्यार्थी गाळणी म्हणतात, कारण त्यांच्यासमोर काहीही बोललं तरी ते त्यातला गाळ तेवढा ठेवून घेतात. धाकटीला उभं केलं.

"बाटल्या कोणाच्या?" गाळणीनं विचारलं.

"संघाच्या, सर."

"म्हणजे कोणाच्या?"

"संघाच्या बाटल्या मीच उचलते."

"अगं, त्या पाण्याच्या!"

यावर ती काय बोलणार? गाळणीनं दुसऱ्या बाजूनं विचारलं.

"तू प्यायलीस?"

"नाही."

"मग कोण प्यायलं?"

वसतिगृहाच्या ताई म्हणाल्या, "सांग गं बाई, नावं सांग आणि मोकळी हो. कुणाला झाकतेस? ज्यांना झाकतेस त्या येतील का उद्या तुझी फी भरायला?" तर ती म्हणाली, "ताई, फेऱ्या झाल्या आहेत."

मग एकेक करून बाकीच्या अकरा जणी आत गेल्या आणि अकरा जणींनी एकच सांगितलं, की आम्ही फेऱ्या मारल्या, सर. कप्ताननंही तेच सांगितलं. ती आत जाण्यापूर्वी व्हरांड्यात बराच वेळ नखं खात बसली होती, असं शिपाई म्हणतो. काही निराळं सांगायचं तिच्या मनात होतं का, कोण जाणे. नियम आड आला की नियमाचा आडोसा मिळाला, हे तिचं तिला ठाऊक. गाळणी भडकले. "फेऱ्यांनी दारू उतरते, गुन्हा उतरत नाही!"

शेवटी प्राचार्यांनी बाईंना एकटीला बोलावलं. चहा मागवला. त्यांचा चहा आला की समजावं, सुरी धुऊन पुसून ठेवली आहे.

"बाई, कॉलेजचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. दारूच्या बाबतीत एकच शिक्षा, वर्षभर संघाबाहेर. एक असेल तर एक, तीन असतील तर तीन. मला कोणावर अन्याय करायचा नाही. पण शिस्त झाली पाहिजे, आणि झालेली दिसली पाहिजे. अंतिम सामना तोंडावर आहे. तुम्हाला नावं माहीत असतील तर आत्ता सांगा. माहीत नसतील तर..." आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "तर ज्या मुलीच्या पिशवीत बाटल्या सापडल्या, तिच्यापुरतं बघता येईल. घरची पार्श्वभूमीही आहेच म्हणे. वडील घेतात ना?"

बाईंनी बिस्कीट घेतलं नाही, असं शिपाई आवर्जून सांगतो. म्हणाल्या मात्र, "मला माहीत नाही, सर."

धाकटीचं नाव संघातून गेलं. त्याबरोबर फी माफी गेली, खाट गेली. ती गादीची गुंडाळी करत असताना बाई वसतिगृहात गेल्या.

"हे बघ, सामना होऊ दे. मग मी स्वतः जाऊन सगळं सांगते. आत्ता सांगितलं तर तिघी बाहेर जातील आणि सगळ्यांची मेहनत मातीत जाईल. थोडी कळ काढ."

"हो, बाई."

"घाबरू नकोस."

"घाबरत नाही. फक्त घरी काय सांगू?"

बाईंनी गादीच्या गुंडाळीचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाल्या, "सुट्टी आहे म्हणावं."

घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याची काच पुसत म्हणाला, "आधी सामना, मग न्याय. म्हणजे लांबचं स्वच्छ दिसतंय तुला. जवळचा नंबर एकदा तपासून घे."

"दुकानातले विनोद दुकानात ठेवून येत जा," बाई म्हणाल्या आणि भांडी आपटायला लागल्या. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "आपट, आपट! निदान भांडी तरी कायमची आहेत, तुझ्या नोकरीसारखी नाहीत."

अंतिम सामना झाला. चुरशीचा झाला. विश्रांतीला मुली बाकाकडे आल्या तर बाटल्या रिकाम्या. भरायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कप्तान स्वतः धावत नळाकडे गेली. परत येऊन तिनं शेवटचे गुण असे मारले की चेंडूशी काही जुना हिशेब चुकता करायचा असावा. चषक आला. ढोल वाजले, फोटो निघाले, प्राचार्यांनी चषक दोन्ही हातांनी असा धरला की जणू शेवटचा चेंडू त्यांनीच जाळीवरून मारला होता. आणि बोलल्याप्रमाणे बाईंचं प्रकरण वर गेलं आणि खालीही आलं. नोकरी कायम झाली. सासूबाईंनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "झालं एकदाचं! आमच्या सुनेचं कॉलेजाशी लग्न लागलं!"

बाईंची बाजू घेऊन एवढं म्हणायला हवं, की त्या विसरल्या नाहीत. दुसरी असती तर विसरली असती. कायमच्या नोकरीत विसरण्याची सोय असते. आनंदाचा धुरळा खाली बसल्याबरोबर त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. शिपायानं स्टूल दाराला आणखी चिकटवलं.

"सर, ती मुलगी प्यायली नव्हती. तिघी होत्या. नावं सांगते."

"बसा. पाणी घ्या. आणि नावं सांगू नका."

"पण, सर..."

"त्या दिवशी इथंच तुम्ही काय म्हणालात, बाई? माहीत नाही म्हणालात. मग आता माहीत झालं, की तेव्हाही माहीत होतं? आता झालं असेल तर पुरावा आणा. तेव्हा होतं असेल, तर तुमच्या कायम नेमणुकीवरची शाई अजून ओली आहे. आणि चषक परत कोण नेऊन देणार? तुम्ही जाल?"

प्राचार्यांचा आवाज मग पुन्हा साखरेचा झाला.

"माझं मन काही दगडाचं नाही. मुलीला परत घेऊ. फी, वसतिगृह, सगळं पहिल्यासारखं. तिनं फक्त चूक कबूल करायची. सभागृहात, सगळ्यांसमोर. मुलांना धडा मिळेल, कॉलेजची शिस्त दिसेल, तिलाही मोकळं वाटेल."

"चूक तिची नाहीच, सर."

"म्हणून तर सोपं आहे, बाई. जिची असते तिला जड जातं."

हे वाक्य शिपायानं मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

हा निरोप घेऊन बाई धाकटीच्या घरी गेल्या. एक खोली, त्यात पडदा लावून केलेल्या दोन. आई मशीनवर. धाकटी खाली बसून बटणं लावत होती. कोपऱ्यात वडील बसले होते. कोरे. मुलगी गादीची गुंडाळी घेऊन परत आली, शेजारीपाजारी "बापाच्या वळणावर गेली" म्हणाले, त्या दिवसापासून त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. हात मात्र थरथरत होते. ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

बाईंनी सगळं सांगितलं. धाकटीनं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "कप्तानताई काही म्हणाल्या का?"

"नाही."

"बरं," म्हणून तिनं पुढचं बटण उचललं. "मग मी नाही येत, बाई. जे केलं नाही ते केलं म्हणून नाही सांगणार."

आईनं मशीन थांबवलं. "सांगशील. जाशील आणि सांगशील."

"आई, खोटं?"

"खोटं म्हणजे काय गं मोठं? या माणसासाठी मी किती वर्षं खोटं बोलतेय. ताप आहे, पाठ धरलीय, गावाला गेलेत. सगळी खोटी त्यांच्यासाठी खर्च झाली. एक तुझ्यासाठी बोलली तर काय आभाळ कोसळणार आहे? की जन्मभर इथं बसून बटणं लावायचीत?"

कोपऱ्यातून वडील म्हणाले, "नको बोलायला लावूस तिला..."

"तुम्ही बोलू नका," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती.

बाईंनी त्या घरात चहा घेतला. नवरा म्हणतो, त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. असेलही. पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना "मुलगी तयार आहे" असा निरोप त्यांनीच दिला.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत विजयी संघ, अकरा जणी, नव्या जर्सीत. कडेच्या खुर्चीवर बाई. वर प्राचार्य, गाळणी, ताई. पालकांनाही बोलावलं होतं, कारण धडा म्हणजे सर्वांना मिळायला हवा. धाकटी माइकपुढे उभी राहिली. तिला पाठ करून दिलं होतं. "सामन्याच्या दौऱ्यात मी मद्यपान केलं. त्यामुळे माझ्या संघाची आणि महाविद्यालयाची मान खाली गेली. मी क्षमा मागते." एकही शब्द अडखळला नाही. "संघाची" म्हणताना तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं, असं काहीजण म्हणतात. शिपाई म्हणतो, तिनं कुठंच पाहिलं नाही.

प्राचार्य उभे राहिले. "चूक सगळ्यांकडून होते. ती कबूल करायला धैर्य लागतं!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतूनही पडल्या. कप्तान टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. दोन्ही एकदम करता येतं माणसाला.

तेवढ्यात मागच्या दाराशी गडबड झाली. धाकटीचे वडील उभे राहिले होते. इतके दिवस कोरा राहिलेला माणूस. पण मुलीला त्या माइकपुढे बघायचं धैर्य कोऱ्या अंगात सापडलं नसावं. येताना वाटेत थांबून ते कुठून आणलं, हे दहा रांगांपर्यंत हवेनंच सांगितलं. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ते पुढे आले.

"खोटं आहे!" त्यांची जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते. "माझी मुलगी प्यायली नाही. आमच्या घरात पिणारा एकच आहे. तो मी! तिला वाससुद्धा चालत नाही... तिला विचारा... या पोरींना विचारा की!"

आधी कोणीतरी खुदकन हसलं. मग मागच्या चारपाच रांगा हसल्या. गाळणी ताईंकडे झुकून म्हणाले, "पाहिलंत ना? हे असं असतं." प्राचार्यांनी डोळे मिटून मान हलवली, जशी एखाद्या आजाऱ्याकडे बघून हलवतात, आणि शिपायाला खूण केली.

सभागृहात खरं माहीत असलेली पुष्कळ माणसं होती. अकरा तर पहिल्या रांगेतच होत्या. कडेच्या खुर्चीवर एक होती, जिला आता कोणी काढू शकणार नव्हतं. नेमणूक कायम होती, शाई वाळलेली होती. तिनं नुसतं उठून उभं राहून "तो खरं बोलतोय" एवढं म्हटलं असतं, तरी त्या हसण्याचा गळा दाबला गेला असता. नवरा म्हणतो, बाई उठणार होत्या. शिपाई म्हणतो, त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि नखं पांढरी झाली होती. दोघंही खरं सांगत असतील. पण त्या उठल्या नाहीत.

शिपाई निम्म्या वाटेत पोहोचायच्या आधीच धाकटी व्यासपीठावरून उतरली. तिनं वडिलांचा उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला, डाव्या हातानं त्यांची कंबर धरली आणि त्यांना वळवलं. त्या कामात ती तरबेज होती. "चला, बाबा. पायरी आहे. हळू," एवढंच म्हणाली. मधल्या वाटेनं जाणं कठीण होतं, म्हणून ती त्यांना कडेनं घेऊन निघाली, बाईंच्या खुर्चीजवळून.

जागा अरुंद होती. बाईंनी पाय आत घेतले आणि खुर्ची थोडी मागे सरकवली, दोघांना जाता यावं म्हणून.

"थँक यू, बाई," धाकटी म्हणाली आणि वडिलांना सांभाळत दाराबाहेर गेली. त्या कॉलेजात ती परत आली नाही.